कॉर्टिसॉल नॉर्मल आहे, मग रक्तदाब कशाने वाढला?

एका वाचक भगिनीचे पत्र :

"माझे वय 52 आहे. सातारा जिल्ह्यातील एका गावात मी शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी सासरे गेले आणि शेतीच्या वाटणीवरून यजमान आणि धाकटे दीर यांच्यात बिनसले. 'एकदा समोरासमोर बसून बोलून घ्या' एवढेच मी म्हणाले, तेव्हापासून यजमानांनी माझ्याशीच अबोला धरला आहे. ते शिवीगाळ करत नाहीत, हात उगारत नाहीत, घरखर्चाला पैसे देतात; पण आठ-आठ, दहा-दहा दिवस माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. काही सांगायचे असेल तर बारावीतल्या मुलीमार्फत सांगतात. मध्येच चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. मला पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बीपी 150/94 निघाले, उपाशीपोटी साखर 116 आणि तीन महिन्यांची सरासरी 6.1. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली आणि 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले. 'ताणाने कॉर्टिसॉल वाढलेलेच राहते' असे सांगणारा मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून मी स्वतःच सकाळी कॉर्टिसॉलची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल आली. रिपोर्ट पाहून यजमान मुलीला म्हणाले, 'आईला सांग, तिला काहीही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत.' अबोल्याने खरेच आजार होतो का? अश्वगंधा घेऊ का? आणि मी नेमके काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातील वादात या रिपोर्टला साक्षीदार म्हणून उभे केले गेले आहे, आणि ज्या गोष्टीची साक्ष तो देऊच शकत नाही ती त्याच्या तोंडी घातली जात आहे. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक दिवसभर एकाच पातळीवर राहत नाही. झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असते, दुपारनंतर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. सकाळी आठला नळाला पाणी आले म्हणून गावाचा पाणीपुरवठा सुरळीत आहे असे कोणी म्हणणार नाही. सकाळच्या एका नमुन्यावरून तुमच्या दीड वर्षाचा निष्कर्ष काढणे हे त्यातलेच आहे.

मुळात ही तपासणी ताण मोजण्यासाठी नाही. शरीरात कॉर्टिसॉल फारच कमी तयार होत असल्याची शंका असेल, तेव्हा डॉक्टर सकाळचे रक्त तपासतात. ते फार जास्त होण्याच्या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. पण त्याच्या निदानासाठीही सकाळचा एक नमुना पुरत नाही. त्यासाठी रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा रात्री एक विशिष्ट गोळी देऊन दुसऱ्या सकाळी घेतलेले रक्त तपासावे लागते. पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटणे, जरा लागले तरी काळेनिळे होणे, बसल्या जागेवरून उठताना मांड्यांनी साथ न देणे अशी त्याची लक्षणे असतात आणि तुमच्या पत्रात त्यांपैकी एकही नाही. तेव्हा हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून द्या आणि पुन्हा त्यावर पैसे खर्च करू नका.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. ताण वर्षानुवर्षे चालला की कॉर्टिसॉल चढलेलेच राहते, हा समज लोकप्रिय असला तरी अपुरा आहे. 2007 मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, ताणाचे कारण नवे असताना कॉर्टिसॉल वाढलेले आढळते. जसजसा काळ लोटतो तसतसे ते खाली येते आणि कधी कधी सामान्यापेक्षाही कमी होते. काही जणांत दिवसाची चढउतार बोथट होते, म्हणजे सकाळी हवे तेवढे चढत नाही आणि रात्री हवे तेवढे उतरत नाही. काहींमध्ये संप्रेरक पुरेसे असते, पण पेशी त्याचे ऐकेनाशा होतात. त्यामुळे शरीरातील दाह आटोक्यात ठेवण्याचे त्याचे काम नीट होत नाही. म्हणून तुमचे यजमान रिपोर्टवरून जे म्हणाले ते शास्त्राला धरून नाही. पण ज्या व्हिडिओमुळे तुम्ही तपासणी केली, तोही तितकाच चुकीचा होता.

मग जवळच्या माणसाच्या वागण्याने शरीरात काय होते? धोका जाणवला की मज्जासंस्था क्षणार्धात अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. रक्तातील अ‍ॅड्रिनलिन काही मिनिटांतच ओसरते. दुसरी वाट जरा संथ आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पियुषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, मग कॉर्टिसॉल वाढू लागते आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठते. यकृताला साखर तयार करून रक्तात सोडायला लावणे आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करणे ही कॉर्टिसॉलची नेहमीची कामे आहेत. संकटात पळायचे किंवा लढायचे असेल तर ती साखर उपयोगी पडते. तुमच्या बाबतीत मात्र कोठे पळायचे नसते आणि कोणाशी लढायचेही नसते. ताटे वाढायची असतात.

ही यंत्रणा अचानक येऊन निघून जाणाऱ्या संकटासाठी आहे. अबोल्यात संकट येते कधी आणि जाते कधी, हेच कळत नाही. शिवाय शरीर प्रत्यक्ष घटनेला जसे उत्तर देते, तसे तिच्या अपेक्षेलाही देते. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की 'आज बोलतील का' या विचाराने छाती धडधडते, आणि पहाटे तीनला जाग आल्यावर तेच प्रसंग डोळ्यांसमोरून जातात. तेव्हा समोर कोणी नसतानाही तीच यंत्रणा पुन्हा पुन्हा चालू होते. बरे चाललेले चार दिवसही विश्रांतीचे ठरत नाहीत, कारण ते केव्हा संपतील याकडे मन लागलेले असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकइवेन यांनी 1993 मध्ये मांडलेली कल्पना अशी की, परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी शरीर जे बदल करते, त्यांची वारंवार पुनरावृत्ती झाली की त्या जुळवून घेण्याचीच झीज साचत जाते. रक्तदाब, पोटाभोवतीची चरबी, साखर, झोप या सर्वांवर ती हळूहळू दिसू लागते.

अबोल्याबद्दल तुम्ही विशेष विचारले आहे, म्हणून अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर, त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामाबद्दल सविस्तर सांगते. नव्याने लग्न झालेल्या, शरीराने आणि मनाने निरोगी असलेल्या 90 जोडप्यांना त्यांनी चोवीस तास रुग्णालयातील संशोधन कक्षात ठेवले. दोघांच्या हातात सुई अशा रीतीने बसवली होती की, ती बोलत असताना त्यांच्या नजरेआड रक्ताचे नमुने घेता यावेत. मग ज्या विषयांवर त्यांचे खटके उडत, त्यांवर त्यांना अर्धा तास बोलायला सांगितले. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वाद झाला म्हणून बिघाड दिसला नाही; ज्या जोडप्यांच्या बोलण्यात टोमणे, उपहास आणि शत्रुत्व अधिक होते, त्यांचा रक्तदाब अधिक वेळ चढलेला राहिला आणि प्रतिकारशक्तीची काही मापे पुढच्या चोवीस तासांत अधिक खालावली.

त्याच जोडप्यांच्या संप्रेरकांचा तपशील 1996 मध्ये पुढे आला आणि तो तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. पत्नीने तक्रारीचा सूर काढला की पतीने अंग काढून घ्यायचे, गप्प व्हायचे, ही साखळी ज्या घरांत अधिक होती, तेथील पत्नींचे नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल अधिक आढळले. सरासरी 42 वर्षे संसार झालेल्या ज्येष्ठ जोडप्यांवर त्यांनीच नंतर केलेल्या अभ्यासातही वादातील कटुतेचे पडसाद पत्नींच्या संप्रेरकांत स्पष्ट उमटले. पतींच्या संप्रेरकांत तसा संबंध दिसला नाही. तेव्हा 'मी तर तिला काहीच बोललो नाही' हा बचाव निदान पत्नीच्या रक्ताच्या नमुन्यासमोर टिकत नाही.

या गटाचा 2005 मधील प्रयोग तर डोळ्यांना दिसेल असा होता. 42 जोडप्यांच्या हातांवर लहान फोड आणून ते भरून यायला किती दिवस लागतात हे पाहिले गेले. एका भेटीत जोडप्याने एकमेकांना आधार देणारे बोलायचे होते, दुसऱ्या भेटीत मतभेदाच्या विषयावर बोलायचे होते. मतभेदाच्या चर्चेनंतर जखमा उशिरा भरल्या. आणि ज्यांच्या वागण्यात शत्रुत्व जास्त होते, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या 60 टक्केच होता.

हे वाचून 'म्हणजे माझे बीपी यांच्यामुळेच वाढले' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, पण तो आवरा असे मी आग्रहाने सांगेन. हे अभ्यास लहान आहेत, अमेरिकेतील जोडप्यांवरचे आहेत आणि प्रयोगशाळेतील आहेत. 126 अभ्यास आणि 72 हजारांहून अधिक लोक यांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. वैवाहिक संबंध चांगले असण्याचा प्रकृतीशी संबंध आहे, मात्र तो माफक आहे, असे त्यात दिसले. माफक म्हणजे क्षुल्लक नव्हे. आहार आणि व्यायाम यांचा प्रकृतीवर जेवढा परिणाम आढळतो, साधारण त्याच पंक्तीतला तो आहे. मिठाचा जसा रक्तदाबाशी संबंध आहे, तसा घरातील वातावरणाचाही आहे, असे म्हणता येईल. एखाद्या व्यक्तीच्या 150/94 या आकड्यातील किती भाग मिठाचा, किती वयाचा आणि किती अबोल्याचा, हे मात्र कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला हे आकडे उपयोगी पडणार नाहीत, आणि तसे केल्याने तो बोलू लागेल असेही नाही.

संप्रेरकांइतकीच मोठी, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत कदाचित अधिक मोठी, अशी एक आडवाट आहे. घरात अबोला असला की जेवण कसे होते ते आठवा. सगळ्यांचे झाल्यावर उशिरा, उभ्याउभ्याच, भाजी घशाखाली उतरत नाही म्हणून लोणचे-पापडाबरोबर चार घास खाल्ले जातात. चहा वाढतो. संध्याकाळचे फिरणे सुटते, कारण बाहेर पडले की कोणी ना कोणी विचारणार. गोळी घेतली की नाही याकडे लक्ष राहत नाही आणि झोप तर मोडलेलीच असते. हे सारे रक्तदाब आणि साखर वाढवण्यास पुरेसे आहे, आणि यातील बरेचसे यजमान बोलोत न बोलोत, तुमच्या हातात आहे. जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ या दोन गोष्टी तरी घरातील वातावरणाशी बांधू नका. मुलीबरोबर बसून जेवा.

तुमच्या शरीराकडे स्वतंत्रपणेही पाहिले पाहिजे, कारण 'सगळे टेन्शनमुळे' म्हणून खरा आजार नजरेआड होण्याचा धोका 'सगळे मनाचे खेळ' म्हणण्याइतकाच असतो. 52 हे पाळी जाण्याच्या आसपासचे वय आहे आणि पहाटे जाग येणे, घाम येणे, छाती धडधडणे हे त्या बदलातूनही होते. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. तुम्ही मोठ्याने घोरता का, हे मुलीला विचारा. झोपेत श्वास अडखळत असेल तर रक्तदाब वाढतो आणि सकाळी डोके जड राहते. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ओळखीच्या कोणाकडून आणलेल्या बिननावाच्या पुड्या घेत असाल तर ते लपवू नका, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि त्याने साखर व रक्तदाब दोन्ही वाढतात.

तुमची साखर अजून मधुमेहाच्या रेषेच्या अलीकडे आहे. सरासरी 6.5 किंवा त्याहून अधिक झाली की मधुमेह म्हणतात, 5.7 ते 6.4 हा इशाऱ्याचा टप्पा आहे आणि चालणे, वजन, जेवण यांच्या बळावर येथून मागे फिरता येते. रक्तदाबासाठी दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घरी आणा. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजा आणि सलग सात दिवस लिहून ठेवा. घरी मोजलेल्या रक्तदाबाची सरासरी 135/85 च्या खाली असावी, अशी सर्वसाधारण मर्यादा धरतात. वहीत आकड्यांशेजारी 'आज बोलणे झाले, झाले नाही' अशी नोंद मात्र करू नका. त्याने त्या गोष्टीवरची तुमची नजर आणखी पक्की होईल आणि वही हा घरातला नवा पुरावा बनेल.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमचे यजमान जे करत आहेत त्याचे मी समर्थन करत नाही, पण त्याचा अर्थ लावून पाहणे उपयोगाचे आहे. वडील गेले, पाठोपाठ भावाशी फाटले, सातबाऱ्यावरच्या नावांचा प्रश्न उभा राहिला, भावकीत चर्चा सुरू झाली. या सर्वांत जिच्याशी मोकळे व्हायचे, तिचेच 'बोलून घ्या' हे वाक्य त्यांना दिराची बाजू घेतल्यासारखे वाटले असण्याची शक्यता आहे. भावाशी न झालेले भांडण अनेक घरांत बायकोशी होते. शिवाय गप्प बसलेला माणूस आतून शांत असतो असे नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांना असे दिसले की, संभाषणातून भिंतीसारखे बाजूला होणाऱ्यांत बहुतांशी पुरुष असतात आणि बऱ्याचदा त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेलेले असतात. अशा अवस्थेतील माणसाला शब्द नीट ऐकूही येत नाहीत. त्यामुळे वाद तापल्यावर निदान वीस मिनिटे थांबावे असे ते सुचवतात. थांबणे आणि अबोला यांत फरक एवढाच की, थांबणारा माणूस पुन्हा केव्हा बोलायचे ते सांगून जातो.

तुम्हाला यजमानांकडून सध्या एवढेच मागायचे आहे. जमिनीचा विषय, दिरांचा विषय, दीड वर्षाचा हिशेब, यांतले काहीही पहिल्या बोलण्यात आणू नका. चार बरे दिवस चालू असतील, त्यातला एक निवडा. रात्री झोपताना नको, शाळेतून दमून आल्यावर नको. समोर बसणे जड जात असेल तर दोन ओळींची चिठ्ठी लिहिली तरी चालेल. मी सुचवेन ते शब्द असे : "अहो, वाटणीबद्दल मला काही म्हणायचे नाही, तो निर्णय तुमचा आहे. तुम्ही बोलत नाही तेव्हा मला झोप लागत नाही आणि भीती वाटते. राग आला तर 'आता नको, रविवारी बोलू' एवढे सांगा, मी रविवारपर्यंत थांबेन." यात आरोप नाही, रिपोर्टचा पुरावा नाही आणि त्यांना नमते घ्यायलाही लावलेले नाही. पहिल्या वेळी उत्तर मिळेलच असे नाही. तरी ते रविवारी बोलले, तर तेव्हा तुम्ही पंधरा मिनिटांवर थांबा. साचलेले सगळे एकाच बैठकीत काढायला गेले की पुढचा अबोला ठरलेला असतो.

मुलीला निरोप्याच्या कामातून आजच सोडवा. 'बाबांना सांग, जेवायला वाढले आहे' हे वाक्य तुमच्याकडूनही जात असणार. यापुढे ते थेट त्यांना उद्देशून बोला. उत्तर आले नाही तरी चालेल. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका बेटावरच्या एका खेड्यात मार्क फ्लिन या मानववंशशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे मुलांच्या लाळेचे नमुने गोळा केले. घरात भांडणतंटा झाला, शिक्षा झाली किंवा आईवडिलांत बिनसले की मुलांचे कॉर्टिसॉल वाढलेले आढळे. घराबाहेरच्या बहुतेक घडामोडींपेक्षा कुटुंबातील घटनांचा ठसा त्या नमुन्यांवर अधिक स्पष्ट होता. तुमची मुलगी बारावीत आहे. दोघांमधला पूल होणे हा तिच्यासाठी आणखी एक विषय आहे आणि त्याचा अभ्यासक्रम कोणी छापलेला नाही. यजमान तिच्यामार्फत काही सांगू लागले तर तिने 'तुम्हीच आईला सांगा' म्हणून उठून जावे, ही परवानगी तुम्ही तिला द्या.

नवरा हे एकच नाते तुमच्या आरोग्याचा आधार आहे असेही समजू नका. 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी अधिक दिसली. हे संबंध म्हणजे केवळ लग्न नव्हे. शाळेतील सहकारी, बहीण, भिशीचा गट, भजनी मंडळ, सकाळी बरोबर फिरणारी शेजारीण, सगळे त्यात आले. मात्र एक सावधगिरी ठेवा. बहिणीला रोज फोन करून तोच प्रसंग तपशिलाने उगाळणे म्हणजे मोकळे होणे नाही. मैत्रिणींनी एकत्र बसून एकाच अडचणीची पुन्हा पुन्हा चर्चा केल्यावर त्यांचे कॉर्टिसॉल वाढल्याचे एका अभ्यासात दिसले आहे. एकदा मनापासून सांगा, रडा, आणि मग तिच्याबरोबर दुसरे काहीतरी करा.

अश्वगंधेबद्दल थोडक्यात : व्हिडिओ पाहून घेऊ नका. काही छोट्या अभ्यासांत तिने ताणाची भावना कमी झाल्याचे दिसले असले, तरी तिच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत, थायरॉइडच्या संप्रेरकांवर तिचा परिणाम होऊ शकतो आणि तुम्ही बीपीची गोळी आधीच घेत आहात. घ्यायचीच असेल तर तुमच्या डॉक्टरांना आणि नोंदणीकृत वैद्यांना, दोघांनाही चालू औषधे दाखवून मगच निर्णय घ्या. तिच्या भरवशावर बीपीची गोळी सोडणे तर मुळीच नको.

तुम्ही पत्रात मुद्दाम लिहिले आहे की, शिवी नाही, मारहाण नाही, खर्चाची अडवणूक नाही. हे चित्र बदलले, अबोल्याच्या जोडीला धमकी आली, पैसे अडवले गेले, माहेरी जायला मनाई झाली किंवा तुम्हाला त्यांची भीती वाटू लागली, तर हा सल्ला बाजूला ठेवा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात मारहाणीबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. 181 या महिला मदतवाहिनीवर मार्गदर्शन मिळते. मन फार खचले, कशातच रस वाटेनासा झाला, जगणे नको वाटू लागले, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते आणि तेथे मराठीत बोलणारे समुपदेशक असतात. साधा अबोलाही तीन-चार महिने तुमच्या प्रयत्नांना दाद देत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात समुपदेशकाची वेळ घ्या. यजमान येणार नसतील तर एकट्या जा.

शेवटी, यजमानांना या विषयात आणायचे असेल तर रक्तदाबाचे यंत्र हा बरा मार्ग आहे. अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारत येथील मध्यमवयीन व वयस्क जोडप्यांवरचा एक मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात सुमारे दर पाच जोडप्यांपैकी एकात पती-पत्नी दोघांनाही उच्च रक्तदाब आढळला, आणि ज्या स्त्रियांच्या पतींना तो होता, त्यांना तो असण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा 19 टक्क्यांनी अधिक होती. एकाच घरातले मीठ, एकाच घरातली झोप आणि एकाच घरातले वातावरण दोघांच्याही वाट्याला येते. दीड वर्ष भावाशी आणि बायकोशी न बोलता राहणाऱ्या माणसाचा रक्तदाब किती आहे, हे तुमच्या घरात कोणी पाहिले आहे का? सात दिवस मोजायचे ठरवाल तेव्हा वहीत दोघांसाठी दोन रकाने आखा, यंत्र टेबलावर उघडे ठेवा आणि पट्टा बांधून घ्यायला त्यांना थेट, त्यांच्याकडे पाहून विचारा. महिन्याभराने गोळीचा डोस तपासायला डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती वही घेऊन जा आणि 'टेन्शन घेऊ नका' हे ऐकून घेऊन उठू नका. झोप किती तुटते, जेवण कसे होते आणि घरात काय चालले आहे, हे तीन वाक्यांत त्यांना स्पष्ट सांगा. औषध ठरवताना त्यांना ते माहीत असणे आवश्यक आहे.